आधी करंगळी, ताटाचं मग बोलू

पत्र (थोडं संक्षिप्त करून): "डॉक्टर, आम्ही हर्णै बंदराजवळच्या एका गावातले. माझे धाकटे दीर बोटीवर खलाशी आहेत. वय सत्तावीस. डिसेंबरात घरोघरी तपासणी झाली तेव्हा आशाताईंना त्यांच्या पाठीवर चट्टे दिसले. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोग सांगितला. पाठ, दंड, मांडी मिळून सात-आठ चट्टे आहेत, बारा महिने गोळ्या घ्यायच्या. चार महिने झाले. त्यांचं अंग काळं पडलंय, बोटीवरचे विचारतात, म्हणून ते आता गोळ्या सोडतो म्हणतात. सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा काढलाय. आशाताई म्हणतात, घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आणि एकेक गोळी द्यायची. पण मामंजी त्यांना ओटीवरसुद्धा येऊ देत नाहीत, गावात बोभाटा होईल म्हणतात. नणंदेचं लग्न जुळत आलंय. मामंजींनी देवळात कौल लावला, घराण्याला दोष आहे असं निघालं. मला सहा वर्षांचा मुलगा आहे आणि आठ महिन्यांची मुलगी, अंगावर पिते. मुलाच्या गालावर फिकट डाग आहे, मी अजून कुणाला बोलले नाही. हा रोग २००५ मध्येच संपला ना? मग आमच्याच घरात कुठून आला? ता.क. भावोजी जाळं शिवायला बसले की हल्ली सुई हातातून सुटते. करंगळी आत वळल्यासारखी दिसते. कोपर दुखतं म्हणतात. इंजिनाजवळ हात भाजला तेही त्यांना फोड आल्यावर कळलं."
— एक वहिनी, दापोली तालुका

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता.क. करून शेवटी लिहिली आहे. ताट, लग्न, गाव, कौल हे सगळं आठवडाभर थांबू शकेल. करंगळी थांबणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कुष्ठरोगाचे जंतू कातडीत राहतात तसेच नसांतही राहतात. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे चुकून आपटलं की हातभर झिणझिण्या येतात, तिथून एक नस करंगळीकडे जाते. ती सुजली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी बधिर होतं, मग त्यातली ताकद जाते, आणि वेळेत उपचार झाला नाही तर बोटं आत वळून तशीच राहतात. यात जंतूंपेक्षा आपल्याच शरीराचा हात जास्त असतो. शरीर त्या जंतूंवर उसळतं, सूज येते, आणि त्या सुजेत नस चेपली जाते. डॉक्टर याला 'रिअॅक्शन' म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत ती येणं नवीन नाही. याचा अर्थ गोळ्या लागू पडल्या नाहीत असा होत नाही आणि चुकीच्या गोळ्या दिल्या असाही होत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या, आणि सुजेसाठी वेगळं औषध घ्यायचं.

ते औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, स्टेरॉइडची गोळी. सुरुवातीला डोस मोठा असतो, मग तो हळूहळू उतरवत काही महिने द्यावा लागतो. मेडिकलमधून आणून आपल्या मनाने घ्यायचं किंवा बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं हे औषध नव्हे. आधी रक्तदाब, साखर बघावी लागते, खोकला किंवा क्षयाची शंका असेल तर तेही बघावं लागतं. नस दुखावल्यापासून साधारण पहिल्या सहा महिन्यांत हे औषध मिळालं तर जाणीव आणि ताकद परत यायची चांगली आशा असते. भावोजींचं हे दुखणं ताजं दिसतंय, म्हणूनच मी एवढी घाई करते आहे. एकदा बोटं कायमची वाकली की शस्त्रक्रिया करून दुसऱ्या स्नायूचा कंडरा तिथे जोडता येतो, पण ते पुढचं काम झालं आणि त्यात कित्येक महिने जातात.

आज रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या यजमानांना एक गोष्ट करायला सांगा. भावोजींना हात सरळ धरायला सांगून करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाची पट्टी द्यायची, बोटं न वाकवता ती दाबून धरायला सांगायची आणि हळूच ओढायची. आधी चांगल्या हाताने, मग दुखऱ्या. दोन्हींतला फरक बघताक्षणी कळतो. नंतर त्यांना डोळे मिटायला सांगून बॉलपेनचं टोक तळहातावर आणि करंगळीवर ठिकठिकाणी हलकेच टेकवायचं, कुठे टेकलं ते त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचं. जिथे चुकले ती जागा लक्षात ठेवा. दवाखान्यात जायचं की नाही हे यावरून ठरवायचं नाही, जायचंच आहे. फक्त गेल्यावर 'हात जरा दुखतो' एवढंच सांगून परत येऊ नका, म्हणून हा खटाटोप.

उपचाराचं कार्ड आणि गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि 'नसांची आणि स्नायूंची तपासणी करायची आहे' असं स्पष्ट म्हणा. तिथे जमत नसेल तर दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगा. त्यापुढे रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि जिल्ह्यात या कामासाठी सहाय्यक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांचं स्वतंत्र कार्यालय असतं. मुंबईला नातेवाईक असतील, तिकडे जाणं सोयीचं वाटत असेल तर वडाळ्याचं अॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून याच आजाराचं आहे. मात्र डोळा लाल होऊन दुखू लागला, पापणी पुरी मिटेना, पाऊल उचलताना बोटं जमिनीला घासू लागली, जुने चट्टे लाल होऊन सुजले किंवा तापाबरोबर अंगावर दुखऱ्या गाठी उठल्या, तर आठवड्याचीही वाट बघायची नाही. त्याच दिवशी गाडी करा.

तोवर बोटीवर इंजिनाजवळचं काम दुसऱ्याला द्यायला सांगा. बधिर हाताचा घात असा होतो: शिंगाळ्याचा काटा रुततो, नायलॉनची दोरी कातडी कापून जाते, बर्फात हात तासभर राहतो, आणि माणूस काम करतच राहतो, कारण दुखतच नाही. मग जखम चिघळते. लोक म्हणतात कुष्ठरोगाने बोटं झडतात. बोटं झडत नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी ती खराब होत जातात. रोज रात्री हात-पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचे, पुसायचे, खोबरेल लावायचं, आणि दिव्याखाली धरून कुठे काटा, फोड, चीर आहे का ते डोळ्यांनी बघायचं. हातमोजे आणि गमबूट वापरायचे, पण गमबूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदच असते. ते दोन महिने या हातासाठी कामी लावा.

आता काळेपणाचं. तो क्लोफाझिमिन नावाच्या गोळीचा रंग आहे. तिने कातडी तपकिरी-काळसर होते, कोरडी पडते, आणि कोर्स संपल्यावर काही महिन्यांत, कुणाला वर्षभरातही, मूळ रंग परत येतो. महिन्यातून एकदा आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर जो मोठा डोस घ्यायचा असतो, त्या दिवशी लघवी लालसर होते. ते रिफाम्पिसिनमुळे, रक्त नव्हे. खरं तर बोटीवर खारा वारा आणि ऊन खाणाऱ्या माणसाला कुणी 'काळा का झालास' विचारावं हेच नवल! 'त्वचेच्या औषधाने होतं, जाईल' एवढं उत्तर पुष्कळ झालं, आणि ते खरंही आहे. गोळी थांबवून ताबडतोब डॉक्टरांना गाठायचं ते अंगभर पुरळ आणि ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा चेहरा पांढराफटक पडून धाप लागू लागली तर. रंगासाठी नाही. समुद्रावर दिवस चुकत असतील तर तेही लपवू नका. बारा पाकिटं अठरा महिन्यांच्या आत पुरी झाली तरी कोर्स पुरा धरतात, आणि लांबच्या फेरीवर जाणाऱ्याला एकाहून जास्त पाकिटं आगाऊ देता येतात. मागायला मात्र हवं.

मामंजींचं आणि आशाताईंचं. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण तुमच्या घरातली खरी गाठ इथे आहे.

गावाला कळू नये असं मामंजींना वाटतं, त्यात मला काही वावगं दिसत नाही. भावोजींचा आजार ही भावोजींची खासगी बाब आहे. देवळाच्या पारावर ती चर्चेला यायचं काही कारण नाही. पण गावापासून झाकणं वेगळं आणि तपासणाऱ्यापासून झाकणं वेगळं. पहिल्याने कुणाचं बिघडत नाही. दुसऱ्याने तुमच्याच घरातल्या माणसाचं बिघडतं, कदाचित लहानातल्या लहानाचं. भावोजींना चट्टे उठून किती काळ झाला असेल? पाठीवरचा, न खाजणारा, न दुखणारा चट्टा माणूस वर्ष-दोन वर्षं अंगावर सहज काढतो. औषध सुरू होण्याआधीच्या त्या काळात त्यांच्या श्वासावाटे, शिंकेवाटे जंतू बाहेर पडत होते आणि तुम्ही सगळे एका घरात झोपत होता. घाबरू नका, शंभरातल्या पंचाण्णव माणसांचं शरीर मुळातच या जंतूला दाद देत नाही. पण उरलेल्या पाचांत कोण आहे हे चेहरा बघून सांगता येत नाही, आणि हा जंतू इतका संथ आहे की लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा.

म्हणून घरातल्यांची तपासणी. पाठ, कुल्ले, कानाच्या पाळ्या, कोपर, सगळं उजेडात बघायचं. बायकांना बाई तपासते. कोकणातल्या दमट हवेत अंगावर काही ना काही निघतंच. शिबं येतात, गजकर्ण येतं, पण गजकर्ण खाजतं. कोड दुधासारखं पांढरं असतं आणि त्याला स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा तांबूस, कोरडा असतो, तिथे घाम येत नाही आणि बहुतेकदा स्पर्श कळत नाही. यातलं काय काय आहे हे ओळखायचं काम आशाताई आणि डॉक्टरांचं, मामंजींचं नव्हे. ज्यांना काही नाही त्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. त्याने पुढच्या दोनेक वर्षांत रोग होण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पुरता जात नाही, म्हणून नंतरही काही वर्षं दर वर्षी एकदा अंग तपासून घ्यायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हा डोस देत नाहीत, गरोदर बाईलाही देत नाहीत. तुम्ही अंगावर पाजता हे त्यांना सांगा, ते ठरवतील. बाळाला पाजणं मात्र कुठल्याही कारणाने थांबवू नका.

आणि मुलाच्या गालावरचा डाग. पत्रावरून निदान करता येत नाही, करणारही नाही. लहान मुलांच्या गालावर असे फिकट डाग कोरड्या त्वचेचे पुष्कळदा असतात. पण चेहऱ्यावर नसांचं जाळं इतकं दाट असतं की कुष्ठरोगाचा चट्टा असला तरी तिथे स्पर्श कळू शकतो, त्यामुळे घरी टोचून बघून 'कळतंय, म्हणजे काही नाही' असा निष्कर्ष काढू नका. सहा महिने, वर्षभर तो डाग मनात ठेवून झुरण्यापेक्षा डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं बरी. असलाच, तरी या वयात सापडलेला एक चट्टा गोळ्यांनी मागमूस न ठेवता बरा होतो.

बोभाट्याचा प्रश्न सोडवणं इतकं अवघड नाही. तुमची मुलगी आठ महिन्यांची आहे. आशाताई तिच्या लसीसाठी, वजनासाठी तुमच्याकडे येणार-जाणार हे गाव धरूनच चालतं. त्याच फेरीत तुम्ही, सासूबाई आणि नणंद आतल्या खोलीत तपासून घ्या. पुरुषांनी केंद्रात जावं, पाठदुखी सांगून जावं. शेजाऱ्यांना गोळ्या द्यायच्या झाल्या तर भावोजींच्या परवानगीशिवाय त्यांचं नाव कुणी घ्यायचं नसतं. हे आशाताईंना आठवण म्हणून सांगून ठेवा, त्या ऐकतील. मामंजींना मात्र तुम्ही समजवायला जाऊ नका. सुनेने सांगितलेलं सासऱ्यांना ऐकायचं नसतं, मग ते बरोबर असलं तरी. यजमानांनी त्यांना हाताच्या निमित्ताने केंद्रात न्यावं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकवावं.

कौल लावलात, ठीक आहे. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, नारळ द्या. देवाने गोळ्या बंद करायला सांगितलेलं नाही एवढं मामंजींना विचारून घ्या. या जंतूला नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्येच शोधून काढलंय, त्याला घराणं बघता येत नाही. हा रोग आनुवंशिकही नाही.

ताट वेगळं काढण्याला काहीही अर्थ नाही. हा रोग ताटातून, पेल्यातून, शिवण्यातून येत नाही, आणि औषधाचे पहिले डोस पोटात गेले की काही दिवसांतच रुग्णापासून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. चार महिन्यांपूर्वी, जेव्हा खरोखर धोका होता, तेव्हा सगळे एका पंगतीला जेवत होता. आता धोका टळल्यावर ताट वेगळं झालं! सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी ज्याला हा रोग व्हायचा तो घर सोडून जायचा. १९८० च्या दशकापर्यंत डॅप्सोन नावाच्या एकाच गोळीवर वर्षानुवर्षं काढावी लागत, आणि पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनासारख्या संस्थांनी घरातून काढलेल्या माणसांना ठाव दिला. सासूबाईंच्या डोक्यात ते दिवस आहेत. भावोजींचं ताट घासून बाकीच्यांत लावून टाकत जा, रोज, न बोलता. आणि यजमानांनी एकदा त्याच ताटात जेवायला बसावं.

नणंदेच्या लग्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आजार तिच्या भावाला आहे आणि तो बरा होतोय. स्थळाकडे आपण होऊन सांगायला जायची गरज नाही. कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, 'उपचार चालू आहेत, वर्षात संपतील' म्हणा. पण आधी तिची तपासणी करून घ्या, मग पत्रिका छापा. ती निर्धास्तपणे सासरी जावी यासाठी तरी. भावोजींचं स्वतःचं जमेल तेव्हा गोष्ट वेगळी. मुलीला त्यांनी स्वतः, साखरपुड्याआधी सांगावं. २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरलं जात नाही, कायद्यातून ते काढलं आहे. पण संसार कायद्याच्या भरवशावर सुरू करू नये.

आणि २००५. त्या डिसेंबरात देशाने जाहीर केलं ते असं होतं की दर दहा हजार माणसांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उपचाराखाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये आखलेली ती रेषा. 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण' असं तिचं नाव. लोकांनी ऐकलं 'रोग संपला'. १९८३ मध्ये हेच प्रमाण दहा हजारांत पन्नासच्या वर होतं, तेव्हा घट खरी आहे, मोठी आहे, आणि ती त्याच वर्षापासून देशात आणलेल्या या बहुविध औषधांनी घडवली. पण हिशेबाची एक गंमतही आहे. त्या आकड्यात फक्त त्या दिवशी गोळ्या खाणारे धरतात. कोर्स संपला की नाव उतरतं. नव्वदीच्या अखेरीस जास्त चट्टे असणाऱ्यांचा कोर्स चोवीस महिन्यांवरून बारावर आला, तेव्हा नवे रुग्ण तितकेच असूनही वहीतली नावं कमी झाली. मला स्वतःला ती घोषणा घाईची वाटते. तिच्या आगेमागे कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले, आणि नुसत्या बोटांनी कोपरामागची नस चाचपून ती जाड झाली आहे का हे सांगणारी माणसं कमी होत गेली. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त. आता सरकारने २०२७ पर्यंत नवी लागणच थांबवायचं ठरवलंय. डिसेंबरातली ती घरोघरची तपासणी त्यासाठीच होती. भावोजींना कुणाकडून लागण झाली ते शोधत बसू नका. पाच-दहा वर्षांपूर्वी कुठल्या बंदरात, कुठल्या खोलीत, कुणाच्या शेजारी झोपले होते, ते त्यांनाही आठवणार नाही.

राहता राहिला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याला रोगाचं नाव सांगायलाच हवं असं नाही. कोपराची नस दबली आहे, औषध चालू आहे, काही महिने इंजिन आणि जड दोर नको, जाळं निवडायचं, हिशेब लिहायचं काम द्या, एवढं भावोजींनी सांगावं. हात तपासून झाला की डॉक्टरांकडून तसा कागदही मागून घ्या. आरोग्य केंद्रातून तो मिळतो, आणि त्यावर आजाराचं नाव न लिहिता फक्त 'हाताचं जड काम टाळावं' एवढं लिहून द्यायला सांगता येतं.